आडव्या बोअरचा शमुवेल

शमुवेल मिस्त्रीची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा तो माझ्यापेक्षा पन्नास-साठ फूट खाली होता. मी विहिरीच्या काठावर, बगलेत नकाशाची गुंडाळी, डोक्यावर खाकी टोपी. नोकरी नवी होती, टोपी त्याहून नवी. तो तळाशी, भिंतीला गाल चिकटवून, आजारी माणसाच्या छातीला कान लावावा तसा उभा. मी खाकरलो. सरकारी माणसाने आल्याची वर्दी खाकरून द्यायची असते असा माझा त्या वयात समज होता.

"कोन हाय वर?"

"ओव्हरसियर!" मी छाती फुगवून म्हणालो.

"मंग साहेब, तुमची सावली काढा. भिंतीवर पडलीया, मला खडकाचा रंग दिसंना."

काठावरचे चौघेजण खो खो हसले. मी सावलीसकट बाजूला झालो. पुढे आयुष्यात पुष्कळांनी मला बाजूला हो म्हणून सांगितलं, पण एवढं नेमकं कारण देऊन कोणी सांगितलं नाही.

तो दोराने ओढायच्या पाळण्यात बसून वर आला तेव्हा नीट दिसला. बुटका, मान जवळजवळ नाहीच, आणि उजवा गाल कायम मातीने माखलेला. डावा स्वच्छ. खडकाचं ऐकायचं ते उजव्या कानाने, असा त्याचा शिरस्ता. फक्त रविवारी दोन्ही गाल एका रंगाचे व्हायचे, कारण त्या दिवशी तो श्रीरामपूरला चर्चमध्ये जाई. त्याच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला होता. त्याआधीची त्या घराची जात शमुवेल स्वतः विसरला होता, पण गावोगावच्या लोकांच्या ती चांगली ध्यानात होती. कपबशी त्याला कुठेही वेगळीच यायची. तो ती निरखून म्हणायचा, "बघा साहेब, माझ्यासाठी सोतंत्र काढून ठेवलीया. कलेक्टरला तरी असती का?"

आता त्याच्या यंत्राविषयी. साधा बोअर उभा, पाताळाच्या दिशेने जातो. शमुवेलचा आडवा जायचा. विहीर आटली की तिच्या तळाशी एक लोखंडी चौकट उतरवायची, समोरच्या भिंतीला लाकडी वासा टेकवून ती घट्ट अडकवायची आणि दोन्ही बाजूंची चाकं गड्यांनी हाताने फिरवायची. पुढे पोलादी दातांचं तोंड, मागे एकाला एक जोडत जायच्या नळ्या. भिंतीत मनगटाएवढं भोक पाडत ते तोंड आत शिरायचं. दिवसाला कधी सात फूट, कधी सात बोटं. खडकात कुठे भेग असेल, पाण्याची शीर असेल, ती सापडेपर्यंत. भिंतीला धरून बसतं म्हणून तो त्या यंत्राला घोरपड म्हणायचा. भोकातून जो चिखल बाहेर येई तो चिमटीत घेऊन जिभेवर ठेवायचा. काळा चिखल आला की तोंड वाकडं करायचा. तांबडा आला की पाणी जवळ, मग डोळे मिटायचा. चाकावरचे गडी उतावीळ झाले की त्यांना म्हणायचा, "खडकाला घाई दाखवायची न्हाई रं. खडक सासऱ्यावानी असतो. गोडीनं घेतलं तर वाट देतो, न्हाईतर दात पाडतो."

साल दुष्काळाचं, त्यातही दुसरं. जिल्ह्याचा पूर्व भाग. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथे अजून मला जेवायला बोलावतात. गुरं छावणीत गेली होती, जाणती माणसं खडी फोडायला गेली होती, आणि मागे उरलेल्यांनी दिवसभर विहिरीच्या तळातून वाट्यांनी पाणी भरायचं, अशी परिस्थिती. एक घागर भरायला दुपार जायची. बायका तळाशी उतरून वळचणीला बसल्यासारख्या ओळीने बसायच्या आणि खडकातला झरा पाझरायची वाट बघायच्या. भांडणंही हळू आवाजात व्हायची. ओरडलं की घसा कोरडा पडे.

आणि त्या विहिरीपासून शंभर फुटांच्याही आत, कोरड्या ओढ्यापलीकडे, दुसरी विहीर होती. ओढ्यापलीकडच्या वस्तीची. गावाच्या विहिरीला वस्तीने शिवायचं नाही, हा जुना रिवाज. त्याविरुद्धचा कायदा आमच्या कचेरीच्या भिंतीवर चौकटीत टांगलेला होता आणि तिथून तो कधी खाली उतरला नव्हता. म्हणून वस्तीने कधीकाळी स्वतःच्या हातांनी आपली विहीर खोदली होती. गावाच्या विहिरीहून उथळ, अरुंद, काठ न बांधलेली. पण त्या साली त्या विहिरीत पुरुषभर पाणी होतं. वस्तीतली पन्नास-साठ माणसं दोरीला गाठी मारून, पाणी त्या दिवसाच्या गाठीपर्यंत उतरलं की थांबत, रोज मोजून तेवढंच शेंदत होती. गाठींचा हिशेब गयाबाईकडे. ती साठीची, काटक, आणि तिच्या शब्दाबाहेर पोहरा विहिरीत पडत नसे.

गावचे सरपंच आबा. आबा दुष्ट असते तर ही गोष्ट सांगायला फार सोपी गेली असती. आपल्या घरची घागर ते शेवटी भरायला लावत. पण त्यांना गावाला पाणी पाजायचं होतं आणि गाव म्हणजे ओढ्यापर्यंत.

शमुवेलने पहिला बोअर पश्चिमेला घेतला, कारण तो म्हणे तिकडच्या भिंतीला "जरा ओल बोलतीया." बोलली, पण खोटं. पस्तीस फुटांवर काळा पाषाण लागला. घोरपडीचे दात बोथट झाले, ते धार लावायला शेवगावला गेले, परत आले, पुन्हा बोथट झाले. एक गडी चाकावरच चक्कर येऊन पडला. त्याला शुद्धीवर आणायला तोंडावर शिंपडण्याएवढं पाणी मागवलं, तर काठावरच्या बायका एकमेकींकडे बघत राहिल्या.

त्या दिवशी आबांनी मला घरी नेलं आणि ताक पाजलं. त्या साली ताक! मी ते घोट घोट प्यालो. मग आबा म्हणाले, "साहेब, पूर्वेला घ्या." मी नकाशा उलगडला. नकाशात पूर्वेला ओढा होता आणि ओढ्यापलीकडे कोरा कागद. वस्तीची विहीर त्या नकाशावर कोणी काढलीच नव्हती. मी रोज तिच्यावरून सायकल रेटत येत होतो, पण त्या क्षणी मी नकाशाच खरा धरला. पूर्वेकडे तोंड करून एक बाण काढला, खाली सही केली. बाण सुरेख आला होता.

शमुवेलने बाण पाहिला. मग आबांकडे पाहिलं.

"आबा, पूर्वेला पानी हाय, खरं हाय. पन ते मोकळं न्हाई. मधल्या जागंत काय न्हाई. जे हाय ते वस्तीच्या हिरीत हाय."

"जमिनीखालचं पानी कुनाच्या बापाचं नसतं मिस्त्री."

"मंग वरनंच घागर घिऊन जावा की. शंभर पावलं न्हाईत. बोअर कशाला?"

काठावर विड्या ओढणारे ओढायचे थांबले.

"त्यांच्या पोहऱ्यातलं पानी कसं चालंल?" आबा समजावणीच्या सुरात म्हणाले. "मातीतनं, खडकातनं गाळून आलं की गोष्ट येगळी."

शमुवेल इतका हसला की त्याला काठावर बसावं लागलं. "आबा, तुमी तर पान्याचा धर्मच बदलला की हो! आमच्या पाद्रीबाबाला एका मानसासाठी सा महिने डोकं फोडावं लागतं. तुमी नव्वद फुटांत अख्ख्या हिरीचा बाप्तिस्मा करता!"

कोणी हसलं नाही. मीसुद्धा नाही, आणि मला तर फार हसू येत होतं.

दुपारी बाभळीच्या विरळ सावलीत मी त्याला म्हटलं, "नाही म्हणून टाक. परत जा." खरं तर मी माझी सही त्याच्या नकारात पुसून निघते का ते बघत होतो.

"मी गेलो तर दुसरा मिस्त्री येनार," तो म्हणाला. "तो भोक पाडून, सलाम करून जाईल. मी पाडलं तर बूच माझ्या हातात ऱ्हातंय साहेब. ज्याच्या हातात बूच, त्याचं चार मानसं ऐकत्यात." मग गंमत सांगावी तसं पुढे म्हणाला, "उभं खनणाऱ्याला आपलं नशीब भेटतं. आडवं खनणाऱ्याला शेजारी भेटतो. बघू, हे दोघं शेजारी भेटत्यात का."

मला तो बेत फार आवडला. नाटकी होता, मला असली नाटकं आवडतात. त्या बेतात एका माणसाला विचारायचं राहून गेलंय, हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही.

वस्तीची विहीर उथळ, म्हणून घोरपड या वेळी जरा वर तोंड करून बसवली आणि चाकं पूर्वेकडे फिरू लागली. जमिनीतून घरघर ऐकू येऊ लागली तशी गयाबाई ओढ्यात उतरून आली. ती अलीकडे येत नसे. मधोमध वाळूत उभी राहून तिने हाक मारली.

"शमुवेल, कुठवर आलास रं?"

"येतोय मावशे, हळूहळू."

"आमच्याकडं तर न्हाई ना येत?"

"माझ्यावर इसवास हाय का न्हाई?"

"तू आपल्यातला म्हनून इचारते. दुसऱ्याला इचारलं नसतं, दगूड मारला असता."

"मंग घोर करू नको," तो म्हणाला. ती गेली. तो खाली उतरला आणि चाकाला स्वतः लागला.

बाराव्या दिवशी तांबडा चिखल आला. तेराव्या दिवशी त्याने काम थांबवलं, नळ्या मागे ओढल्या आणि आबांना पाळण्यातून खाली बोलावलं. मीही उतरलो. भोकाला कान लावून त्याने आबांना खूण केली. आबांनी कान लावला. मग मी. नव्वद फुटांच्या त्या काळोख्या नळीच्या पलीकडून, अगदी कानाशी यावा तसा, पोहरा पाण्यात बुडाल्याचा आवाज आला. डुबुक. मग बांगड्या. मग एक बाई दुसरीला म्हणाली, "बास. गाठ आली."

"आता दीड हात खडक ऱ्हायलाय," शमुवेल म्हणाला. "आबा, हितनं फुडं मी चाक फिरवनार न्हाई. तुमी फिरवा."

आबांच्या कपाळावर घाम होता. त्यांनी वर पाहिलं. काठावर गोल करून बायका उभ्या होत्या, प्रत्येकीच्या कमरेला रिकामी घागर. आबांनी धोतर खोचलं आणि चाकाला हात घातला. शमुवेलला वाटलं होतं, ऐकल्यावर माणसाचा हात उचलणार नाही. खडकाबद्दल तो क्वचितच चुकायचा.

पाणी आलं ते आधी खोकल्यासारखं आणि मग सळसळत. वर नारळ फुटला. बायका रडल्या. मीही रडलो, लाज वाटत नाही सांगायला; दोन महिन्यांत इतकं पाणी एका जागी पाहिलं नव्हतं. घोटाभर झालं, गुडघाभर झालं, आणि शमुवेलने कनवटीचं लाकडी बूच काढून भोकात हाणलं आणि पाण्यात, बुचाला पाठ लावून, मांडी घालून बसला.

"आबा, आता वस्तीच्या बाया ह्या काठावर आल्या, हितं पोहरा टाकला, की बूच निघंल. न्हाईतर ह्ये एवढ्यावर भागवा."

विहिरीच्या तळाशी असं शांतपणे बोललं की ते वर कितीतरी मोठं ऐकू येतं. एकच कल्ला झाला. आबा नि मी वर आलो. कोणीतरी म्हणालं, पाळणा काढून घ्या, बसू दे तिथंच. पाळणा ओढून घेतला.

"घ्या काढून!" खालून आवाज आला. "माझ्यापाशी पानी हाय. वर कुनापाशी हाय?"

वरच्यांनी जमलेलं पाणी दोरीने शेंदलं. ते दुपारच्या आत संपलं. तो खाली ओल्या दगडांवर बसलेला, वर ऊन. मला लोक म्हणत होते, साहेब, हुकूम द्या. मी हुकूम लिहायला कागद काढला आणि दोन तास पेन्सिलीला टोक करत बसलो. माझ्या नोकरीतलं ते सगळ्यात शूर काम. यावरून बाकीच्या नोकरीची कल्पना करा.

दिवस कलला तेव्हा आबांच्या मालकीण, ताराबाई, गर्दीतून पुढे आल्या. त्यांनी रिकामी घागर दगडावर आपटली.

"सकाळपास्नं काय प्यालो आपुन?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "त्यांचंच ना? पोटात गेलेलं चालतं, आन् काठावर मानूस चालत न्हाई? बोलवा त्यास्नी. न्हाईतर मी जाते घागर घिऊन तिकडं."

तोड निघाली, ती गावच्या मापाने. पूर्वेच्या अंगाला दुसरा रहाट बसवायचा. वस्तीच्या बायांनी तिथूनच शेंदायचं, गावाचं भरून झाल्यावर. शमुवेल म्हणाला, "रहाट दोन असू द्यात. पानी एकच हाय ना?" आणि त्याने बूच काढलं. त्याला वाटलं आपण जिंकलो. मलाही वाटलं. मी तर टोपी हवेत उडवली.

पलीकडचं पाणी उतरून संपल्यावर पाळणा पुन्हा खाली सोडला आणि तो वर आला, तर समोर गयाबाई. तिच्या हातात आपल्या विहिरीची गाठींची दोरी होती. गाठी कोरड्या. पोहरा बुडेल एवढंही पाणी राहिलं नव्हतं.

"मावशे, आजपास्नं गावच्या हिरीवर..."

"मला इचारलंस?"

त्याने पाळण्याचा दोर सोडला.

"त्यांनी इचारलं न्हाई, ते न्हाईच इचारनार. तू इचारलंस? माझ्या सासऱ्यानं खनली ती हीर. माझ्या दारात मी पाहिजे तवा पानी शेंदत हुते. आता उन्हात त्यांच्या दारात हुबी ऱ्हाऊ, त्यांचं भरून हुईस्तवर. आन् तू म्हंतोस, पानी एकच हाय."

घोरपड बैलगाडीत चढवून शमुवेल निघून गेला. जाताना माझा रामरामही घेतला नाही.

दुष्काळ ओसरेपर्यंत दोन्ही रहाट फिरले. पुढच्या साली पाऊस झाला, गावच्या विहिरीच्या तळाशी गावापुरतं पाणी साचलं, आणि आषाढात दुसरा रहाट जळणाला गेला. कोणी भांडण काढलं नाही. फक्त एका सकाळी तो तिथे नव्हता. वस्ती आपल्या विहिरीकडे वळली. पण ती भरेना. पुन्हा झरे फुटले, पाणी चढायचं, बोअरच्या तोंडाशी यायचं आणि तिथून ओढ्याखालून गावच्या खोल विहिरीत निघून जायचं. माझा बाण अजून काम करत होता.

मी शमुवेलला पोस्टकार्ड टाकलं. दोनच ओळी. चौथ्या दिवशी तो एस.टी.तून उतरला. खांद्यावर पोतं, पोत्यात बाभळीचे खुंटे, डांबर, सुतळी, घण. गावच्या बाजूने बूच मारू देणार नाहीत हे त्याला ठाऊक होतं. तो सरळ वस्तीच्या विहिरीत उतरला. घोट्याएवढ्या पाण्यात वाकून त्याने डांबरात बुडवलेलं तरट खुंट्याला गुंडाळलं आणि त्या भोकात हाणायला सुरुवात केली. घाव ओढ्यापलीकडे ऐकू गेले. आबा ओढ्यापर्यंत आले.

"मिस्त्री, सरकारी बोअर हाय तो."

"तुमचा बोअर तुमच्याकडं तसाच हाय आबा. मी हिकडची भिंत लिंपतोय."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. आता खरोखरच हुकूम देण्याची पाळी माझी होती. मी म्हणालो, "भिंत त्यांची आहे." एवढंच. आबा परत गेले.

शमुवेल वर आला. हातांना फोड आले होते. गयाबाईने पाण्याच्या रेषेवर, दगडाच्या कपारीत एक चिंधी खोचली. "सकाळी बघू," ती म्हणाली आणि घरात गेली. त्याला पाणी विचारलं नाही. विहिरीच्या काठावर, कोरड्या घशाने तो बसून राहिला. मी म्हटलं, चल, मुक्कामाला चल, माझ्याकडे माठ भरलेला आहे. तो म्हणाला, "तुमचा माठ कुठल्या हिरीवर भरता?" मीही बसलो.

उजाडलं तेव्हा चिंधी दिसत नव्हती. पाणी तिच्यावर वीतभर चढलं होतं. गयाबाईने काठावर वाकून पाहिलं. मग तिने पोहरा आणि दोरी उचलली, शमुवेलच्या पुढ्यात टाकली.

"हात मोडलं न्हाईत ना? घे शेंदून."

त्याने शेंदलं. आधी तिच्या दारातल्या रांजणात ओतलं, मग दुसरा पोहरा काढून ओंजळीने प्यायला, थांबून थांबून, जिभेवर ठेवून.

मी तिथेच उभा होतो, रात्रभराचा तहानलेला. मला तिने विचारलं नाही. मी मागितलंही नाही.